पट्टणशेट्टी मॅडमची चूक

पट्टणशेट्टी मॅडमसमोर 'खूप' हा शब्द वापरायची सोय नव्हती. 'लई', 'भरपूर', 'एकदम मोठं', 'नाद खुळा' या सगळ्यांना तीच बंदी. कॅन्टीनचे शिवाप्पा चहा ठेवता ठेवता सहज म्हणायचे, "आज लई ऊन हाय मॅडम." मॅडमचा कप ओठांपाशी थांबायचा. त्या अगदी गंभीरपणे विचारायच्या, "कशापरीस?"

"कालच्यापरीस की ओ."

"काल तुम्ही आलाच नव्हता. पाहुण्यात गेलता."

"मग परवाच्यापरीस!"

"हां. आता बोलला." मग त्या चहा प्यायच्या.

आमच्या कॉलेजात भूगोलाच्या एम.ए.ला त्या शहरांचा अभ्यास शिकवायच्या. दोन गावं शेजारी ठेवून बघायची, त्यांच्यात काय सारखं, काय वेगळं आणि ते वेगळं कशामुळं, हा त्यांचा विषय. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प कसा आखायचा आणि तो माणसाला कळेल असा कसा लिहायचा, हेही त्याच शिकवायच्या. मूळच्या गडहिंग्लजकडच्या. लिंगायत व्यापारी घराणं, घरात कन्नड आणि उंबऱ्याबाहेर मराठी. रागवायच्या कन्नडमध्ये, शिकवायच्या मराठीत, आणि फळ्यावर आकृती चुकली की दोन्ही भाषांत स्वतःलाच बोलून घ्यायच्या. अंगावर इरकली साडी, कपाळावर विभूतीची बारीक रेघ, हातात बारा महिने छत्री. आवाज असा, की वरच्या मजल्यावर तास सुरू झाला की खाली जिमखान्यातली पोरं कॅरम थांबवायची.

आडनावावरून कुणी गंमत केली तर त्या खूश व्हायच्या. "पट्टण म्हणजे शहर. आमच्या पूर्वजांनी शहराची शेटजीगिरी केली, मी शहराची चौकशी करते. धंदा तोच."

तासाला उशिरा येणाऱ्याला त्या कधी रागावल्या नाहीत. दारात थांबलेल्याकडे बघून हात जोडायच्या, "या पावणं, बसा. पाणी आणू का?" एकदा असं स्वागत झालेला मुलगा पुन्हा वर्षभर उशिरा यायचा नाही.

प्रकल्पाचा विषय मंजूर करायची त्यांची रीत कॉलेजात प्रसिद्ध होती, पण माझ्यावर वेळ येईपर्यंत मला ती ऐकीव वाटत होती. मी मोठ्या ऐटीत विषय लिहून नेला होता, 'कोल्हापूर जिल्ह्यातील नागरीकरणाच्या बहुआयामी प्रक्रियेचा चिकित्सक अभ्यास.' मॅडमनी तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "विनायक, आईला फोन लाव."

"आत्ता?"

"आत्ता. स्पीकरवर."

सगळा वर्ग पुढं सरकला. पलीकडून कुकरच्या शिट्टीसकट आईचा आवाज आला. "काय रं? डबा इसरलास?"

"नाही. प्रकल्प करतोय कॉलेजात. त्याचा विषय सांगतो, ऐक." मी विषय वाचला.

आणखी एक शिट्टी झाली. मग आई म्हणाली, "व्हय. चांगलं हाय. पर इचारायचं काय हाय तुला?"

वर्ग हसून लोळला. मॅडम फोनजवळ वाकल्या. "नमस्कार ताई. मी ह्याची मॅडम. मला हेच विचारायचं होतं, पण तुमच्याकडून बरं वाटलं."

"मॅडम," आई कळवळून म्हणाली, "जरा बारीक कायतरी द्या ओ त्येला. घरातली साखर कुठं असती ते म्हाईत न्हाय, आनि जिल्हा बघाय निघालाय."

मॅडमचा नियम हा होता. प्रश्न एका वाक्यात बसला पाहिजे, आईला पहिल्या फटक्यात कळला पाहिजे, आणि ऐकल्यावर आईनं "मग? काय सापडलं?" असं विचारलं पाहिजे. या तिसऱ्या अटीवर भलेभले अडायचे.

लिहिण्याच्या बाबतीत तर त्या आणखी कडक. 'करण्यात आले', 'आढळून आले', 'निदर्शनास आले' ही क्रियापदं दिसली की त्या लाल पेनानं गोल करायच्या आणि समासात एकच शब्द लिहायच्या, 'कुणी?' किंवा 'कुणाला?' सर्वेक्षण करण्यात आले. कुणी? गर्दी आढळून आली. कुणाला? "काम करणारा माणूस वाक्यातून पळून गेला, की समजायचं काहीतरी लपवाछपवी आहे," त्या म्हणायच्या. "चोरी झाली म्हणतात. चोर कुठाय?"

दिग्विजय नावाचा आमचा एक मित्र होता. पैलवान गडी, मनानं लोण्यासारखा. त्यानं एकदा मोबाईलला विचारून पानंच्या पानं निबंध तयार करून आणला. मॅडमनी त्याला तो उभं राहून वाचायला लावला. तो वाचत गेला, स्वतःच दमला, आणि 'बाजारपेठेतील बहुस्तरीय गतिशीलता' या शब्दांपाशी येऊन थांबला.

"म्हणजे काय रे?" मॅडमनी अगदी मायेनं विचारलं.

दिग्विजयनं मान खाजवली. "म्हणजे... मॅडम... बाजारादिवशी जयसिंगपुरात स्टँडसमोर टेम्पो, बैलगाडी, मोटरसायकल सगळं एकदम येतंय. आणि कोणच मागं सरत न्हाई."

"अरे, मग असं लिही की!" मॅडम उठून उभ्या राहिल्या. "किती छान दिसलं मला! 'कोणच मागं सरत नाही.' ही ओळ त्या मोबाईलला सुचली असती का?" त्यांनी ती ओळ फळ्यावर लिहिली. दिग्विजयला तो आपला सत्कार वाटला आणि त्यानं त्या आठवड्यात सगळा निबंध नव्यानं लिहिला. मोबाईलची तक्रार मॅडमनी कुणाकडं केली नाही.

पण मॅडमचं खरं नाव झालं होतं ते त्यांच्या एका जुन्या शोधनिबंधामुळं. तरुणपणी, लग्नानंतर लगेचच्या काळात त्यांनी इचलकरंजी आणि जयसिंगपूर या दोन गावांची तुलना केली होती. प्रश्न साधा होता. अनोळखी माणसानं रस्ता विचारला तर गावातले लोक तो कसा सांगतात? जयसिंगपूर आधी कागदावर आखून मग वसवलेलं, सरळ गल्ल्यांचं गाव. इचलकरंजी यंत्रमागांच्या खटखटाटाबरोबर वाट फुटेल तसं वाढलेलं. मॅडमना दिसलं, की जयसिंगपूरचे लोक जवळचा, सरळ रस्ता एका वाक्यात सांगतात आणि इचलकरंजीचे लोक मोठ्या रस्त्यानं लांबचा वळसा घालायला लावतात. त्यावरून त्यांनी लिहिलं होतं, की आखीव गावात माणसं सरळ सांगतात, वाढीव गावात वळसा घालून. हे वाक्य आमच्या विषयात इतकं गाजलं, की परीक्षेत काही आठवलं नाही तर पोरं ते लिहून यायची आणि पास व्हायची.

माझा 'बहुआयामी' विषय आईनं मोडीत काढल्यावर मॅडमनी मला नसीमाबरोबर जोडी लावून दिली. नसीमा मुजावर इचलकरंजीची. वडील आणि भाऊ मागावर कामाला, घरातली कॉलेजला आलेली ती पहिली. बोलायची कमी, पण एखादी गोष्ट पटली नाही की भुवई वर जायची आणि ती खाली यायला वेळ लागायचा. आम्ही ठरवलं, मॅडमचाच जुना अभ्यास आज पुन्हा करायचा. आता सगळ्यांच्या हातात नकाशा आहे, तरी लोक रस्ता तसाच सांगतात का? आईला फोन लावला. आई म्हणाली, "मग? तसाच सांगत्यात का?" विषय मंजूर.

आम्ही सोयीचा बेत केला होता. नसीमा इचलकरंजीत विचारेल, मी जयसिंगपुरात. मॅडमनी तो तिथल्या तिथं फेटाळला.

"आमटीत मीठ पण बदललं आणि चिंच पण बदलली, तर चव कशानं बदलली हे कसं कळणार? एका वेळी एकच गोष्ट बदलायची. गाव बदलायचं असेल तर विचारणारा माणूस तोच पाहिजे. दोघांनी दोन्ही गावांत विचारायचं."

मग आमच्या एसटीच्या फेऱ्या सुरू झाल्या. दोन्ही गावांत आम्ही एकेक जुनं वाचनालय निवडलं. स्टँडपासून तिथं जायला एक बोळाचा जवळचा रस्ता आणि एक मोठ्या रस्त्यानं लांबचा, असे दोन मार्ग होते. एकदा मी विचारायचं, एकदा नसीमानं, आणि उत्तर लिहून घ्यायचं. लोकांनी आम्हाला प्रेमानं सांगितलं, वैतागून सांगितलं, तोंडात तंबाखू धरून नुसत्या हनुवटीनंही सांगितलं. जयसिंगपुरात एका दुकानदारानं मला विचारलं, "पावणं, सकाळधरनं तिसऱ्यांदा इचारालायसा. वाचनालय घावंना, का वाचाय येईना?"

दोन्ही गावं झाल्यावर आम्ही कॉलेजच्या कट्ट्यावर सगळी उत्तरं मांडून बसलो. गावांप्रमाणे वेगळी केली तर फारसा फरक दिसेना. नसीमाची भुवई वर गेली. तिनं सगळे कागद गोळा केले आणि नव्यानं दोन ढीग केले. एक तिला मिळालेल्या उत्तरांचा, एक मला मिळालेल्या.

मला दोन्ही गावांनी बोळातून पाठवलं होतं. तिला दोन्ही गावांनी मोठ्या रस्त्यानं.

"बोळातनं नको जाऊस पोरी, तिकडं कोण नसतंय." "जरा लांब पडंल, पर दुकानं हाइत, ह्याच बाजूनं जा." एका म्हातारीनं मला हात करून बोळ दाखवला होता आणि तिलाच थोड्या वेळानं नसीमानं विचारल्यावर तिनं वळसा सांगितला होता.

"गावाचा काही संबंधच नाही," नसीमा म्हणाली. "विचारतंय कोण, त्यावर आहे सगळं."

मला आनंद झाला होता. तिची भुवई मात्र अजून खाली आली नव्हती. तिनं पिशवीतून मॅडमच्या जुन्या निबंधाची झेरॉक्स काढली आणि एका वाक्यावर बोट ठेवलं. 'दोन्ही शहरांत पादचाऱ्यांकडे विचारणा करण्यात आली.'

"कुणी केली?" ती म्हणाली.

आम्ही आधी विभागप्रमुख कदम सरांना गाठलं. सर सज्जन माणूस, कुणाचं मन मोडलं की त्यांचंच पित्त उठायचं. त्यांनी सगळं ऐकलं, खिडकी लावून घेतली आणि खालच्या आवाजात म्हणाले, "हे बघ बाळ, तुझं बरोबर असेल. पण मॅडम ह्या वर्षी रिटायर होतायत. आयुष्यभर त्या निबंधानं त्यांना मान मिळाला. जाता जाता कशाला? जुन्या अभ्यासाशी तुलना हा भाग गाळून टाक. मार्क कमी पडणार नाहीत, मी बघतो."

बाहेर आल्यावर मी नसीमाला म्हणालो, की सर म्हणतात त्यातही काही तरी आहे. तिलाही प्रश्न मार्कांचा नव्हता, मॅडमना दुखवायचा होता. मॅडमनीच तिची फी माफ व्हावी म्हणून अर्जावर सही केली होती, तिच्या वडिलांना भेटून "शिकू द्या" म्हणून सांगितलं होतं. ती जिन्यात थांबली आणि म्हणाली, "मी हे गाळलं आणि त्यांना नंतर कळलं, तर त्यांना जास्त वाईट वाटेल." मग स्वतःशीच पुटपुटली, "कशापरीस?" आणि हसली. आम्ही तसेच मॅडमच्या खोलीत गेलो.

मॅडम उत्तरपत्रिका तपासत होत्या. नसीमानं कागदाचे दोन ढीग टेबलावर ठेवले आणि न थांबता सगळं सांगितलं. शेवटी झेरॉक्स पुढं केली. "मॅडम, इथं 'विचारणा करण्यात आली' असं लिहिलंय. कुणी केली होती?"

मॅडम त्या वाक्याकडं बघत राहिल्या. त्यांच्या हातात लाल पेन होतं. 

"इचलकरंजीत मी केली," त्या सावकाश म्हणाल्या. "जयसिंगपूरच्या वेळी मला दिवस गेले होते. डॉक्टरांनी एसटीचा प्रवास बंद केला होता. तिथं आमचे हे गेले होते."

त्यांनी लगेच मोबाईल उचलला आणि गडहिंग्लजला नवऱ्याला फोन लावला. त्यांचं शेंगदाण्याचं दुकान होतं, मागं गिऱ्हाइकांचा गलका ऐकू येत होता. अर्धं कन्नड, अर्धं मराठी असं ते संभाषण झालं. शेवटी त्यांचा मोठा आवाज आम्हालाही ऐकू आला, "मी तेव्हाच म्हटलं होतं की नाही, की मला सगळं पटापट घावतंय म्हणून? तू म्हणालीस, गावच तसं आहे!"

मॅडमनी फोन ठेवला. छत्री घेतली आणि खाली गेल्या. आम्ही खिडकीतून बघत होतो. त्या मैदानाला एक फेरी मारून आल्या. ऊन होतं तरी छत्री मिटलेलीच होती. परत आल्या तेव्हा डोळे ओले होते, पण आवाज नेहमीचा होता.

"बसा. मला वाईट वाटलंय, ते लपवत नाही. चूक झाली त्याचं थोडं. पण इचलकरंजीतल्या त्या बाया आठवल्या. मी तरुण पोर, एकटी, हातात वही घेऊन हिंडणारी. त्या मला जपत होत्या गं. बाई, इकडनं जा, तिकडनं नको. आणि मी घरी येऊन काय लिहिलं? इथल्या लोकांना सरळ सांगता येत नाही." त्यांनी नसीमाचा हात धरला. "इतकी वर्षं मी बाई असून मला हे दिसलं नाही, आणि तुला दिसलं. पण नुसत्या तुझ्या शब्दावर मी माझं म्हणणं सोडणार नाही हां. येत्या शनिवारी मी येते तुमच्याबरोबर. माझ्यासमोर विचारा."

शनिवारी त्या खरंच आल्या. इचलकरंजीच्या स्टँडवर उतरल्यावर त्यांनी आम्हा दोघांना आलटून पालटून विचारायला लावलं, स्वतः चार पावलं मागं थांबून कान देऊन ऐकलं. मला बोळ, नसीमाला वळसा. पुन्हा मला बोळ, नसीमाला वळसा. त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. मग त्यांना राहवेना.

"आता मी विचारते," त्या म्हणाल्या आणि मागावरची पाळी संपवून आलेल्या, केसांत कापसाचे तंतू अडकलेल्या एका माणसाला त्यांनी अडवलं. "पावणं, जुन्या वाचनालयाकडं कसं जायचं ओ?"

त्यानं त्यांच्याकडं बघितलं, छत्रीकडं बघितलं. "चालत जातासा आज्जी? चला, सोडतो की."

"नको, नुसतं सांगा."

"सांगून काय घावतंय? चला." आणि तो त्यांना घेऊन निघालासुद्धा. आम्ही मागं. वाचनालयाच्या पायरीवर त्यांना बसवून तो गेला. मॅडम परत स्टँडवर आल्या आणि दुसऱ्याला विचारलं. तो बिहारकडचा तरुण विणकर होता. त्यानं "माताजी, आप आइए" म्हणून त्यांच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि पुन्हा वाचनालयाच्या पायरीवर नेऊन सोडलं. तिसऱ्या वेळी भाजीवाल्या बाईनं आधी त्यांना पाणी पाजलं, मग स्वतःच्या मुलीला दुकानावर बसवून ती सोबत चालू लागली. दुपारपर्यंत एकाही माणसानं मॅडमना रस्ता सांगितला नाही, सगळ्यांनी नेऊनच सोडलं. शेवटी वाचनालयातले गृहस्थ दारात आले आणि काळजीनं म्हणाले, "बाई, तुमचं नक्की काय हरवलंय?"

मॅडम पायरीवर बसून पोट धरून हसत होत्या. "विनायक, लिही! तिसरा प्रकार! तरुण पोराला बोळ, पोरीला वळसा, म्हातारीला सोबत!" मग एकदम गंभीर होऊन म्हणाल्या, "म्हणजे वयसुद्धा बघायला पाहिजे. बघा, आपला पहिला आराखडा अपुरा होता." तो अपुरेपणा सापडल्याचा त्यांना इतका आनंद झाला, की येताना त्यांनी आम्हाला स्टँडवरची भेळ खाऊ घातली आणि एसटीत सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात पुढचा अभ्यास आखला. कंडक्टरनं तिकीट देता देता विचारलं, "मग आमाला काय सांगत्यात ओ लोकं?" मॅडमनी त्याला शेजारी बसवून घेऊन त्याचीही माहिती लिहून घेतली.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले होते. मोठे विद्वान, कोटाच्या खिशाला दोन पेनं. मॅडम त्यांच्या शेजारी बसल्या होत्या, पण त्यांची ओळख अजून कुणी करून दिली नव्हती. नसीमानं सगळं मांडलं. परीक्षकांनी प्रकल्पाची पानं चाळली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"तुमचा निष्कर्ष धाडसी आहे. या विषयावर पट्टणशेट्टींचं म्हणणं प्रमाण मानलं जातं. आखीव गाव, वाढीव गाव. आम्ही सगळ्यांनी तेच शिकवलं. तुम्ही ते सरळ चूक ठरवताय?"

नसीमानं हातातला कागद टेबलावर ठेवला. तिनं मॅडमकडं बघितलं नाही. "हो सर," ती म्हणाली. "दोन गावांतला म्हणून जो फरक सांगितला, तो विचारणाऱ्या दोन माणसांतला होता."

"पण पट्टणशेट्टींसारख्या अभ्यासकानं..."

"सर," मॅडम मध्येच म्हणाल्या, "त्या पट्टणशेट्टीबाईंना मी चांगली ओळखते. बाई भली आहे. पण जयसिंगपूरला तिनं नवऱ्याला पाठवलं होतं."

परीक्षक क्षणभर गोंधळले. मग हसायला लागले ते थांबेनात. कदम सर दाराशी उभे होते, त्यांनी रुमालानं घाम पुसला. नसीमाला त्या वर्षी सगळ्यात जास्त मार्क मिळाले आणि "कशापरीस?" हा प्रश्न तिथं कुणी विचारला नाही.

मॅडम तेवढ्यावर थांबल्या नाहीत. जिथं त्यांचा जुना निबंध छापला होता त्याच नियतकालिकाला नवा निबंध पाठवायचा, त्यात नसीमाचं नाव आधी, मग माझं, आणि शेवटी स्वतःचं, असं त्यांनी ठरवलं. आम्ही तिघं त्यांच्या खोलीत बसून तो लिहीत होतो. पहिल्या वाक्यावर अडलो. मी सुचवलं, 'पूर्वीच्या अभ्यासात काही मर्यादा आढळून आल्या.'

लाल पेन माझ्यासमोर नाचलं. "कुणाला आढळल्या? आणि मर्यादा कसल्या? चूक म्हण की. लहान मूल पडलं तर 'उभं राहण्यास मर्यादा आल्या' म्हणतोस का?"

शेवटी त्यांनीच कागद ओढून घेतला आणि लिहिलं, 'दोन गावांविषयी मी पूर्वी मांडलेला निष्कर्ष चुकीचा होता. तो का चुकला, हे माझ्या विद्यार्थिनीनं शोधून काढलं.' लिहून झाल्यावर ते मोठ्यानं वाचलं, मान तिरकी करून पुन्हा वाचलं. "आईला कळेल," त्या म्हणाल्या.

तो निबंध छापून आला तेव्हा कॉलेजात काही जण कुजबुजले, की म्हातारपणी बाईंनी स्वतःचीच शोभा करून घेतली. मॅडमनी कॅन्टीनमध्ये सगळ्यांना पेढे वाटले. शिवाप्पांनी विचारलं, "काय आनंद, मॅडम?" त्या म्हणाल्या, "माझी चूक छापून आली." शिवाप्पांनी पेढा तोंडात टाकला आणि मान हलवली. "हुतंय की ओ मॅडम. खावा तुमीबी एक."

त्या निवृत्त झाल्या आणि गडहिंग्लजला राहायला गेल्या. नसीमा आता पुण्यात पीएच.डी. करते आहे, शहरातले कोणते रस्ते बायका टाळतात आणि का, यावर. मी इथंच एका ज्युनिअर कॉलेजात शिकवतो. मॅडमचा अधूनमधून फोन यायचा, मी जाऊन भेटायचं ठरवायचो आणि राहून जायचं.

गेल्या हिवाळ्यात एका लग्नासाठी गडहिंग्लजला गेलो होतो. सकाळी परतीच्या एसटीत खिडकीशी बसलो होतो. गाव संपता संपता एका मोकळ्या माळापाशी बस थांबली, पुढं उसाच्या ट्रॅक्टरनं रस्ता अडवला होता. माळावर एक नवी कोरी स्कूटी चालली होती, वाकडीतिकडी. वर इरकली साडी, डोक्यावर भलं मोठं लाल हेल्मेट. मागं कॅरिअर घट्ट धरून धोतरातले एक गृहस्थ धापा टाकत पळत होते आणि कन्नडमध्ये ओरडत होते. ते शेंगदाण्याचे व्यापारी असणार हे मी ओळखलं. मॅडमना गाडी येत नाही, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

"बिडरी!" मॅडमचा आवाज बसच्या काचेतून आत आला. "बिडरीऽऽ!"

बिडरी म्हणजे सोडा, एवढं कन्नड आमच्या भागात कुणालाही कळतं. त्या गृहस्थांनी आणखी चार पावलं धरून ठेवलं, मग एकदम सोडलं आणि दोन्ही हात डोक्याला लावून उभे राहिले. स्कूटी जोरात डावीकडं झुकली. बसमधल्या दोन बायका "अगं आई!" म्हणाल्या. पण ती सावरली, सरळ झाली, माळ ओलांडून गाडीवाटेला लागली आणि उसाच्या दोन फडांमधून जात राहिली. मला हाक मारायची होती, पण मॅडम मागं बघत नव्हत्या. माळावर ते गृहस्थ हसत टाळ्या वाजवत होते. पुढचा ट्रॅक्टर हलला, आमची बस निघाली, आणि उसाच्या फडांमधल्या फटीतून ते लाल हेल्मेट बराच वेळ दिसत राहिलं.